पालापाचोळा, गोचीड आणि माकडताप



नाताळ आटोपला की आपल्या सीमाभागातील गावांतून काजूच्या हंगामाची बोलणी सुरू होतात. कोणी मुकादमाबरोबर गोव्यात जातो, कोणी दोडामार्गाकडे. दोन-तीन महिने बागेतच राहायचे, पडलेल्या बिया वेचायच्या आणि पावसाआधी चार पैसे गाठीला बांधून घरी यायचे. २०१६ साली बेळगाव जिल्ह्यातील काही मजूर असेच गोव्यातील काजूच्या बागांतून परतले आणि कडक तापाने आजारी पडले. तपासणीत तो ताप हिवतापाचा नव्हता, डेंग्यूचाही नव्हता. तो माकडताप होता.

हा रोग समजून घ्यायचा तर केवळ डॉक्टरी ज्ञान पुरत नाही. पालापाचोळा कुजतो कसा, त्यात कोण राहते, रानातले माकड मेले म्हणजे त्याच्या अंगावरचे जीव कोठे जातात, आपली गुरे चरायला कोठे जातात, या सर्वांचा त्याच्याशी संबंध आहे. सजीवांच्या या परस्परसंबंधांच्या अभ्यासाला परिस्थितीविज्ञान म्हणतात. नाव मोठे असले तरी विषय आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. आजच्या पाठात तो थोडा उलगडून पाहू.

रोगाचा शोध कसा लागला

१९५७ साली आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली. त्याच सुमारास रानालगतच्या खेड्यांतील माणसे तापाने फणफणली. माकडे मरतात आणि पाठोपाठ माणसे आजारी पडतात, ही गोष्ट गावकऱ्यांच्या ध्यानात आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे गेले. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. माकडे मरत असल्याने आफ्रिकेतला पीतज्वर तर भारतात आला नाही ना, अशी पहिली भीती होती. पण मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांतून जो विषाणू मिळाला तो निराळाच निघाला. त्याचे जवळचे भाऊबंद रशियाच्या थंड अरण्यांतील गोचिडींत होते. त्यामुळे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी तो आणला असावा, असाही तर्क झाला आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्यासारख्यांची मदत घेण्यात आली. पण त्या तर्काला पुरावा मिळाला नाही. ज्या रानात तो सापडला त्याचेच नाव रोगाला मिळाले. आपण सोप्या भाषेत माकडताप म्हणतो.

पुढे अनेक वर्षे हा रोग कर्नाटकातील शिवमोग्गा, उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड, चिक्कमगळूर आणि उडुपी एवढ्याच जिल्ह्यांत दिसत होता. २०१२ नंतर मात्र तो सह्याद्रीच्या कुशीत दोन्ही दिशांना आढळू लागला. बंदीपूर, केरळातील वायनाड, २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गाव आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुका, अशी ही वाट आहे. म्हणजे तो आपल्या दाराशी आहे.

पाचोळ्याखालचे जग

रानात वर्षभर पाने गळतात. ती तशीच साचत गेली असती तर झाडे त्याखाली पुरली गेली असती. तसे होत नाही, कारण पाचोळा कुजतो. बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे कितीतरी बारीक जीव पानाचा तुकडा-तुकडा करून त्याची माती करतात. झाडाने मातीतून घेतलेले कस ते मातीला परत देतात. या कामाला ओलावा लागतो. म्हणून पावसाळ्यात कुजणे जोरात चालते आणि उन्हाळ्यात मंदावते. माघ-फाल्गुनात रानात गेलात तर वर कुरकुरीत वाळलेल्या पानांचा थर दिसेल. हाताऐवजी काठीने तो थर उकरून पाहिला, तर खाली अजून दमटपणा आढळेल.

हाच दमटपणा गोचिडीचा आसरा आहे. गोचीड उन्हाने लवकर सुकून मरते. म्हणून ती पाचोळ्यात दडून राहते, भूक लागली की गवताच्या पात्यावर किंवा पानाच्या टोकावर चढते आणि पुढचे पाय पसरून वाट पाहते. ती उडत नाही आणि उडीही मारत नाही. जवळून जाणाऱ्या जनावराला किंवा माणसाला ती नुसती चिकटते.

गोचिडीच्या तीन अवस्था

माकडताप मुख्यतः रानातल्या एका जातीच्या गोचिडीमुळे पसरतो. तिला आयुष्यात तीन वेळा रक्त लागते आणि दर वेळी वेगळ्या प्राण्याचे.

मोठी मादी पावसाळ्यात गुराढोरांसारख्या मोठ्या जनावरांवर पोट भरते, गळून पाचोळ्यात पडते, हजारो अंडी घालते आणि मरते. पावसाळा सरताना त्या अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्ले निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, खार, पक्षी आणि माकड यांच्या अंगावर चढतात. ही पिल्ले जन्मतः बहुधा निर्दोष असतात. पण ज्या प्राण्याच्या रक्तात विषाणू आहे त्याचे रक्त प्यायले की विषाणू त्यांच्यात शिरतो. रक्त पिऊन ती गळून पडतात, कात टाकतात आणि आठ पायांची होतात. ही दुसरी अवस्था नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत रानात असते आणि माणसाला प्रामुख्याने तीच चावते. आकाराने ती एवढी लहान असते की अंगावर तीळ आहे की गोचीड, असा प्रश्न पडावा. काजू वेचणे, सरपण तोडणे, पाचोळा गोळा करणे ही आपली कामेही याच महिन्यांत येतात. या रोगातला खरा धोका या जुळणीत आहे.

माकड मेले म्हणजे काय होते

काळतोंडे वानर आणि लालतोंडे माकड या दोघांनाही हा रोग होतो आणि ती त्याने मरतात. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो आणि अंगावर गोचिडींची पिल्ले शेकड्यांनी असू शकतात. माकड मेले की देह थंड पडू लागतो. कुजणे सुरू होते, माश्या, मुंग्या, कोल्हे येतात. निसर्गाचे हे साफसफाईचे काम चालू असताना गोचिडी मात्र थंड देह सोडून खाली उतरतात आणि भोवतालच्या पाचोळ्यात शिरतात. काही आठवड्यांत त्यांची पुढची अवस्था तयार होते, आणि आता ती विषाणू बाळगून असते. माकडाची हाडेसुद्धा दिसेनाशी झाली तरी ती जागा धोक्याचीच राहते. शास्त्रज्ञ अशा जागेला रोगाचे केंद्र मानतात. म्हणूनच मेलेल्या माकडाभोवती सुमारे ५० फुटांपर्यंत गोचीडनाशक भुकटी टाकण्याची पद्धत आरोग्य खात्याने पाडली.

यावरून एक गोष्ट कळावी. माकड हा आपला वैरी नाही. तोच पहिला रोगी आहे आणि तोच पहिला निरोप देणारा आहे. भीतीपोटी माकडे मारली किंवा हुसकली तर गोचिडी मरत नाहीत, त्या नव्या जागी पोचतात.

गुरांचा वाटा

येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. गाय-म्हशीला माकडताप होतो का? गुरे या रोगाने आजारी पडत नाहीत आणि त्यांच्या रक्तात गोचिडीला लागण करण्याइतका विषाणू वाढत नाही. त्यांच्या दुधातून माणसाला रोग झाल्याचाही पुरावा नाही. मग त्यांचा संबंध काय? गुरे मोठ्या गोचिडींना पोसतात. एक पोट भरलेली मादी म्हणजे पुढच्या वर्षीची हजारो पिल्ले. रानात चरणाऱ्या गुरांमुळे गोचिडींची संख्या वाढते आणि रानातल्या गोचिडी वाटेवर, वाडीत, गोठ्याजवळ येतात. १९६० च्या दशकातच होर्हे बोशेल या शास्त्रज्ञाने रान तोडून केलेली शेती आणि रानात सोडलेली गुरे यांचा या रोगाशी संबंध दाखवला होता.

अलीकडे भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी शेतकरी, वनखाते, पशुवैद्य आणि आरोग्य कर्मचारी यांना बरोबर घेऊन कर्नाटकातील रोगाचे नकाशे तयार केले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, जेथे ओलसर सदाहरित रान आणि लागवडीच्या बागा एकमेकांत मिसळल्या आहेत व गुरांची संख्या जास्त आहे, तेथे धोका अधिक असतो. घनदाट अखंड रानाच्या पोटात माणूस क्वचित जातो. पण रान, बाग, कुरण आणि घर यांची ठिगळे जोडलेली असतात तेथे माकड, उंदीर, गुरे आणि माणूस एकाच वाटेने ये-जा करतात. आपली बहुतेक गावे अशीच आहेत. २०१८ च्या अखेरीपासून २०१९ पर्यंत सागर तालुक्यातील अरळगोडू भागात जी मोठी साथ आली, तीही रान आणि सुपारीच्या बागा लगत असलेल्या मुलखात.

रोगाची लक्षणे

चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत एकाएकी थंडी वाजून कडक ताप येतो. कपाळ ठणकते, अंग विलक्षण दुखते, डोळे लाल होतात. पुढे उलट्या, जुलाब होतात आणि काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक रोगी एक-दोन आठवड्यांत सुधारतात, पण अशक्तपणा पुष्कळ दिवस राहतो. शंभरांतील १० ते २० जणांना मधे बरे वाटून तिसऱ्या आठवड्यात ताप उलटतो. त्या वेळी तीव्र डोकेदुखी, हातापायांना कंप, भ्रम अशी लक्षणे दिसतात. शंभरांत ३ ते ५ रोगी दगावतात.

हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. म्हणून घरातल्या रोग्याला वेगळे टाकू नये. त्याची सेवा करावी. विषाणूवर नेमके औषध नाही. पण वेळेवर दवाखान्यात नेले, शरीरातील पाणी आणि रक्तदाब सांभाळला, रक्तस्रावावर लक्ष ठेवले तर माणूस वाचतो. अंगदुखी थांबावी म्हणून ऍस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, "मी रानात किंवा काजूच्या बागेत कामाला होतो" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. हे एक वाक्य न सांगितल्याने योग्य तपासणीला उशीर होतो.

कर्नाटकात १९९० पासून एक लस दिली जात होती. तिचे दोन डोस आणि नंतरचा पूरक डोस घेणाऱ्यांना बऱ्यापैकी संरक्षण मिळे, पण दोनच डोसांवर थांबणाऱ्यांना कमी. तिचा गुण उतरल्याचे दिसल्यावर २०२२ साली ती बंद झाली आणि नव्या लशीचे काम हाती घेण्यात आले. तेव्हा "मी पूर्वी सुई घेतली आहे" या भरवशावर कोणी राहू नये.

आपण काय करावे

१. डिसेंबर ते मे या काळात रानात किंवा बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. बायकांनी कामावर लुगड्याखाली लांब विजार घालण्यास लाजू नये.

२. उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे. 'डेपा' नावाचे औषध ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार झाले आहे. त्याचे तेल रोगाच्या भागात आरोग्य केंद्रांतून वाटले जाते. तेथे चौकशी करावी.

३. जेवायला किंवा विसाव्याला पाचोळ्यावर बसू नये, आडवे होऊ नये.

४. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागे, केसांत नीट पाहावे. मुलांचे अंग आईने तपासावे.

५. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. रॉकेल ओतू नये, विडीचा चटका देऊ नये.

६. या महिन्यांत रानातला पाचोळा आणून गोठ्यात अंथरू नये. भाताचा पेंढा वापरावा. पाचोळा खताला आणायचाच तर खड्डा घरापासून दूर असावा. मात्र रानातला पाचोळा सरसकट जाळणे हा उपाय नव्हे. त्याने मातीचा कस जातो.

७. गुरांच्या गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्याच्या सल्ल्याने करावा. औषधाचे प्रमाण मनाने ठरवू नये.

८. मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, पुरू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. त्याच दिवशी वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे आणि ती वाट काही काळ बंद ठेवावी.

मजूर नेणाऱ्या मुकादमांनाही एक विनंती आहे. गाडीत पोती आणि भांडी चढवता, त्याबरोबर तेलाच्या बाटल्या आणि एक चिमटाही घ्या. आणि हंगामात कोणाला ताप आला तर "हिशोब झाल्यावर गावी जा" असे म्हणू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. या रोगात पहिले चार दिवस फार मोलाचे असतात.

उजळणीसाठी प्रश्न

१. गोचिडीला पाचोळा का लागतो?
२. गुरे आजारी पडत नाहीत, तरी रोगाच्या पसरण्यात त्यांचा वाटा कोणता?
३. मेलेल्या माकडाची जागा देह कुजून गेल्यावरही धोक्याची का राहते?
४. ताप आल्यावर डॉक्टरांना कोणती गोष्ट आपण होऊन सांगावी?

रविवारी मिस्सानंतर मंडळी अंगणात थांबतातच. त्या वेळी हे प्रश्न एकमेकांना विचारून पाहावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरच्या शाळकरी मुलांनी हा पाठ वाचून दाखवावा, विशेषतः काजूला जाणाऱ्यांना, निघायच्या आदल्या रात्री.