कोणत्या भाषेत गावे?

धानाची चुरणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या आणि वैनगंगेवरून येणारा वारा अंगाला झोंबू लागला, म्हणजे वडसा-आरमोरीकडील गावांतून एकीकडे झाडीपट्टीच्या नाटकांचे तंबू व दुसरीकडे खंजिरी भजनस्पर्धांचे मंडप उभे राहू लागतात. आणि अशाच एका मंडपात, परीक्षकांच्या मेजापासून दोन हातांवर अंथरलेल्या सतरंजीवर, ज्यांचे अर्धे आयुष्य नाटकांतून पेटी वाजविण्यात गेले ते काकाजी आणि एटापल्लीकडील एका आश्रमशाळेत शिकविणारी त्यांची पुतणी वसुधा, ही दोघे बालगटाची पाळी केव्हा येते याची वाट पाहत बसली होती.

वसुधा : काकाजी, एक विचारू का? आमच्या शाळेत सहावीत एक माडिया मुलगी आहे. काळी पाचच्या पट्टीत गाते, आणि तरी गळ्यावर ताण म्हणून दिसत नाही. तिने कोणाच्या तरी मोबाइलवर परदेशी लेकरांची गाण्याची स्पर्धा पाहिली आणि मला म्हणाली, “बाई, यांच्यात आपल्या देशाचे नाव का नाही?” मला उत्तर देता आले नाही.

काकाजी : ती ज्युनियर युरोव्हिजन असणार. मोठ्यांची युरोव्हिजन १९५६ पासून चालू आहे. तिचीच ही धाकटी पाती १५ नोव्हेंबर २००३ रोजी कोपनहेगन येथे प्रथम भरली, सोळा देश आले आणि पहिला मान क्रोएशियाच्या मुलाला मिळाला. आता तुझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर ऐक. तेथे फलकावर नाव देशाचे लागते हे खरे. परंतु त्या देशाचे वकीलपत्र असते प्रसारण संस्थेकडे. सरकार दरखास्त करीत नाही, की संगीत अकादमीही करीत नाही. युरोपातील सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांचा जो संघ १९५० साली स्थापन झाला आणि ज्याचे मुख्य दप्तर जिनीव्हास आहे, त्याच्या सभासद संस्थेने आपले मूल निवडावयाचे, गाणे करवून घ्यावयाचे, खर्च सोसावयाचा आणि तो सोहळा आपल्या प्रेक्षकांना दाखवावयाचा. एखाद्या संस्थेने त्या वर्षी हात आखडता घेतला, की त्या देशाचे नाव यादीतून गेले. मग त्या देशात गाणारी लेकरे कितीही असोत!

वसुधा : म्हणजे आपण युरोपात नाही म्हणून आपल्याला दार बंद?

काकाजी : ‘युरोप’ हा शब्दही तेथे नकाशावरच्यापेक्षा ऐसपैस आहे. प्रसारणाच्या सोयीसाठी जो युरोपीय टापू आखला गेला, त्याची पूर्वेकडील मूळ हद्द चाळीस अंश रेखांशाची. पुढे काकेशसातील देशांसाठी ती सरकवावी लागली. आपला चंद्रपूर एकोणऐंशी अंशांच्या पलीकडे. तेव्हा हद्दीचा कायदा पाहिला तर आपण बरेच दूर पडतो. पण कायद्याला निमंत्रणाची पळवाट असते. २०१५ साली बल्गेरियातील सोफिया येथे ऑस्ट्रेलियाची मुलगी गायली, आणि पुढे २०१७ व २०१८ या दोन्ही वर्षी त्या देशाने तिसरा क्रमांक घेतला. कझाकस्तान २०१८ पासून येऊ लागला आणि २०२० साली दुसरा आला. सिडनीहून सोफियाला जाता येत असेल तर अंतर ही काही सबब नव्हे. हवी असते ती निमंत्रणासाठी खटपट करणारी आणि पुढे तो भार वर्षानुवर्षे वाहणारी एखादी वाहिनी. मत मात्र तुझ्या मुलीला आजही देता येते. २०१७ पासून निम्मे गुण परीक्षक देतात आणि निम्मे आंतरजालावरचे प्रेक्षक, आणि तो प्रेक्षक कोणत्याही देशातला चालतो. म्हणजे एटापल्लीला पंच होता येते, स्पर्धक होता येत नाही!

वसुधा : स्पर्धकाला अटी काय असतात?

काकाजी : वय नऊ ते चौदा; पहिल्या वर्षी ते आठ ते पंधरा होते. गाणे तीन मिनिटांच्या आत. मुख्य स्वर प्रत्यक्ष लावावा लागतो, वाद्ये मात्र आधी मुद्रित केलेली चालतात. हे मला काही रुचत नाही. ज्या गावात सात वर्षांचे पोर स्वतः खंजिरी वाजवीत गाते, तेथील माणसाला ती सवलत जरा आळशीपणाची वाटणारच. पण ते असो. सर्वांत मोलाची अट भाषेची आहे. गाणे मुख्यतः आपल्या देशाच्या भाषेत असले पाहिजे, इंग्रजीचा शिरकाव ठरावीक प्रमाणातच. मोठ्यांच्या स्पर्धेत सारे इंग्रजीकडे धावतात, आणि लेकरांच्या स्पर्धेत जॉर्जियन, आर्मेनियन, पोलिश ऐकू येते, ते या अटीमुळे. अर्थात माल्टाने यातूनही वाट काढली. तेथे इंग्रजीला राजभाषेचा दर्जा आहे, म्हणून इंग्रजीत गाऊनही नियमभंग होत नाही. त्या चिमुकल्या देशाने २०१३ व २०१५ असे दोनदा पहिले स्थान पटकाविले. २०११ च्या शिरगणतीत आपल्या गडचिरोली जिल्ह्याची वस्ती पावणेअकरा लाखांच्या आसपास भरली. माल्टाची त्याच सुमारास सव्वाचार लाखांच्याही आत होती.

वसुधा : आणि जॉर्जिया?

काकाजी : तो चार वेळा जिंकला. त्यातली २००८ ची गंमत सांगतो. मधमाश्यांचा वेष केलेली तीन लेकरे रंगमंचावर आली आणि त्यांनी जे गाइले ते जॉर्जियन नव्हते, इंग्रजीही नव्हते. ती होती मधमाश्यांच्या गुणगुणीवरून रचलेली, कोणाच्याच देशाची नसलेली एक कल्पित भाषा. पहिला क्रमांक तिलाच! आपल्या दंडारीत एखादा सोंगाड्या निरर्थक शब्दांची बरसात करतो आणि सारे गाव लोटपोट होते, तसला प्रकार.

(दोघेही हसली. मंडपात एका महिला मंडळाचे भजन संपून टाळ्या झाल्या. काकाजींनी शाल सारखी केली. वसुधा मात्र अजून विचारातच होती.)

वसुधा : काकाजी, समजा उद्या भारताला निमंत्रण आले आणि समजा हीच मुलगी निवडली गेली. ती गाईल कोणत्या भाषेत? तिची माडिया तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

काकाजी : गोंडीही नाही. २०११ च्या शिरगणतीत गोंडी बोलणारे एकोणतीस लाखांहून अधिक नोंदले गेले आणि तरी त्या बावीस भाषांच्या यादीत तिला जागा नाही. तुझा प्रश्न त्या स्पर्धेला नवा नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. आयर्लंड २०१५ साली प्रथम उतरला तो इंग्रजी वाहिनीमार्फत नव्हे. आयरिश भाषेसाठी १९९६ पासून चालणाऱ्या ‘टी-जी-फोर’ या वाहिनीने मूल पाठविले आणि गाणे आयरिशमध्ये गावविले. वेल्सची कथा तर आपल्याला अधिक जवळची. वेल्श बोलणारे २०११ साली साडेपाच लाखांच्या थोडे वर, म्हणजे गोंडीभाषकांच्या पाचव्या हिश्श्याएवढेदेखील नव्हेत. परंतु १९८२ साली, ज्या वर्षी आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा काढला गेला त्याच वर्षी, त्यांनी ‘एस-फोर-सी’ नावाची स्वभाषेची वाहिनी मिळविली. २०१८ साली तिने मिन्स्कला मुलगी पाठविली, आणि फलकावर ब्रिटन हे नाव न लागता वेल्स हे नाव लागले. ती वेल्शमध्ये गायली.

वसुधा : आणि जिंकली?

काकाजी : वीस देश होते, तिचा क्रमांक विसावा आला.

वसुधा : अरेरे!

काकाजी : हळहळू नकोस. एरवी या भाषेत गाणे असते हे ज्यांच्या गावीही नव्हते, त्यांच्या कानांवर त्या रात्री ती पडली. आपल्याकडे पाहा. २००८-०९ साली झी मराठीच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने सारा महाराष्ट्र वेडा केला. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. अंतिम फेरीतल्या त्या पाच लेकरांत कोकण होते, पुणे होते, लातूर होते, झाडीपट्टी नव्हती. दोष मी कोणाला देत नाही. ज्या भागात नाटक रात्रभर चालते आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत उठत नाहीत, तेथे सुराचा दुष्काळ असणे शक्य नाही. पण निवडीच्या ठिकाणापर्यंत पोहोचण्यासाठी एस.टी. लागते, सोबत जाणारे माणूस लागते, दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. आणि एवढे करून तेथे गेल्यावर परीक्षकाला कळेल असे गाणे लागते. आपल्याकडच्या रेला गाण्याची चाल त्याने कधी ऐकलीच नसेल तर तो तिला गुण कशाच्या आधारावर देणार? माझी तक्रार असलीच तर ती तेवढीच.

वसुधा : मग आपले लेकरू परदेशी मंचावर जाणारच नाही म्हणता?

काकाजी : तसे कसे म्हणू? गोंदोड्याच्या रानात ज्यांनी साधना केली ते तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेलेच की. वाहिनी नव्हती, मतदान नव्हते. आज त्यांच्याच खंजिरीवर ही पोरे येथे गात आहेत, आणि या स्पर्धेला लेकरांचा स्वतंत्र गट आहे, हे मी लहान गोष्ट मानीत नाही. तू एक कर. पुढच्या वर्षी त्या मुलीला येथे घेऊन ये आणि एक भजन झाल्यावर तिचे स्वतःचे माडिया गाणे म्हणू दे. नियमात बसत नसेल तर संयोजकांशी मी बोलेन. या वयात माणसाला तेवढी मुखत्यारी असते.

(ध्वनिक्षेपकावरून बालगटाच्या पहिल्या मंडळाचे नाव पुकारले गेले. पांढऱ्या टोप्या घातलेली नऊ-दहा मुले मंचावर येऊन ओळीने बसली. एकाची खंजिरी त्याच्या छातीएवढी होती.)

वसुधा : काकाजी, एकच विचारते. शेवटची आल्यावर वेल्सने पुन्हा कोणाला पाठविले का?

काकाजी : पाठविले तर! दुसऱ्याच वर्षी, पोलंडातील ग्लिवित्से येथे. एकोणीस देशांत अठरावी आली. २०२० पासून ते नाव यादीत नाही. २०२२ साली ब्रिटन परतले ते बीबीसीमार्फत, आणि गाणे इंग्रजीत होते.