विजेची बचत आणि कर्जाची जोखीम

आपल्या ज्या सभासद बंधूंच्या डाळगिरण्या आहेत, त्यांच्यासाठी हा विचार आहे. जुन्या मोटारी बदलण्यास ५ लक्ष रुपये लागून वर्षाकाठी २ लक्ष वाचत असतील, तर व्याज सोडून अडीच वर्षांत भांडवल वसूल होते. परंतु वाचलेली वीज धान्याप्रमाणे कोठारात रचून तारण देता येत नाही. म्हणून बँक कचरते आणि मालकास राहते घर गहाण टाकण्याची पाळी येते.

ही जोखीम वाटून घेता येते. ऊर्जा-सेवा कंपनीशी हमीचा करार केल्यास ठरलेल्या बचतीतील तूट तिने भरून द्यावयाची असते. कर्ज बुडाल्यास बँकेच्या नुकसानीचा काही भाग उचलणारी योजना सिडबीने जागतिक बँकेच्या साह्याने २०१५ साली सुरू केली. जुलै २०२५ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने पाणिपत येथे आरंभिलेल्या योजनेत ठरावीक क्षेत्रांतील सूक्ष्म व लघु उद्योगांस ५ टक्के आणि मध्यम उद्योगांस ३ टक्के व्याजसवलत आहे. अन्नप्रक्रिया हे त्यांपैकी एक क्षेत्र होय.

तथापि आमचे आग्रहाचे सांगणे एकच आहे. करारापूर्वी वर्षभर दर क्विंटलमागे किती युनिटे लागली, याची नोंद उभय पक्षांच्या सहीने करून ठेवावी. आधीचे वजनच न केलेल्या मालाची घट कोणास मागणार?