सुजलेली पावले काय सांगतात?



वर्तकनगरहून येऊरच्या पाड्यांवर घरभेटीला गेले की एक वाक्य हमखास ऐकू येते, "पितो, पण कामाला जातो ना!" कामाला जाणारा आजारी नाही, असे घरच्यांना वाटते. मग एक दिवस चढावर दम लागू लागतो, पावले सुजतात, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो. दारूने लिव्हर खराब होते हे सर्वांना ठाऊक आहे. हृदयही खराब होते हे थोड्यांनाच माहीत असते.

हृदय म्हणजे स्नायूंचा पंप. आपण स्वस्थ बसलो तरी तो मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतो. वर्षानुवर्षे भरपूर दारू प्यायल्याने हा स्नायू दुबळा होतो, हृदय ताणून मोठे होते. रक्त पुढे ढकलले जात नाही, मागे तुंबते. म्हणून पायांत आणि फुप्फुसांत पाणी साचते. डॉक्टर याला अल्कोहोलिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. ठोकेही अनियमित होतात, गुठळी होऊन लकव्याचा धोका वाढतो.

हा आजार बहुधा ५ वर्षांहून अधिक काळ रोज ८० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल घेणाऱ्यांत दिसतो. व्हिस्की-रमच्या एका क्वार्टरमध्येच सुमारे ६० ग्रॅम असते. हातभट्टीत किती, हे पिणाऱ्याला कळतही नाही.

आशा मात्र आहे. वेळीच ओळखून दारू पूर्ण सोडली आणि औषधे घेतली, तर पुष्कळांचे हृदय काही महिन्यांत सुधारते. पण येथे एक सावधगिरी हवी. पूर्वी मी प्रार्थना झाली की लगेच शपथ घ्यायला लावत असे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर थरथर, भ्रम, फिट येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टर, मग त्यांच्या देखरेखीखाली शपथ.

दारू सोडणाऱ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांची साथही लागते. आदिवासीबहुल गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीमुळे १९९३ मध्ये दारूबंदी झाली. तेथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' उपक्रमात गावाची संघटना आणि व्यसनावरील उपचार जोडीने चालतात.

पुढच्या घरभेटीत तीनच प्रश्न विचारा: दम लागतो का? पाय सुजतात का? झोपताना उशा वाढवाव्या लागतात का? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर उपदेश नंतर करा. आधी त्या भावाला दवाखान्यात न्या आणि त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा.