सही करण्याआधी

चि. सायलीस,


टीममधल्या दोघांना एचआरने बोलावलं तेव्हापासून तुला झोप नाही, असं परवा फोनवर म्हणालीस. तुझी भीती खोटी नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12,000 माणसं कमी करणार असं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतलेच जास्त होते. चांगलं काम करणाऱ्याला धक्का लागत नाही, असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस.

पिंपरीच्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात मी वर्षानुवर्षं टेबलाच्या पलीकडे बसलो, म्हणून ठासून सांगतो: बोलावणं आलं तर त्या खोलीत राजीनाम्यावर सही करायची नाही. 'आत्ता दिलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल,' असं गोडीने सांगतात. शांतपणे म्हण, 'ईमेलवर पाठवा, वाचून कळवते.' राजीनामा दिलास की कागदोपत्री तू आपण होऊन गेलीस. कंपनीने कमी केलं, तर वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार कायद्याने द्यावा लागतो. इंजिनिअर कामगार ठरतो का, यावर वाद होतात. पण राजीनामा देऊन तो वाद तू आधीच सोडून देतेस. शिवाय तुझी पाच वर्षं फेब्रुवारीत भरतात. शेवटचा दिवस त्याआधीचा पडला तर ग्रॅच्युइटी अडचणीत येईल. ती तारीख पुढे न्यायला सांग, तेही लेखी.

पेस्लिपा, फॉर्म 16, अप्रेझलची पत्रं आजच घरी आणून ठेव; बोलावणं आलं की ऑफिसचा लॅपटॉप त्याच दिवशी काढून घेतात. क्लायंटच्या कामातलं मात्र काहीही घ्यायचं नाही. आणि पुढच्या नोकरीच्या तयारीसाठी संध्याकाळी जे शिकशील ते दुसऱ्या कंपनीतही चालणारं असू दे.

मला खरी काळजी विम्याची आहे. आईची शुगर, बाबांचं बीपी, सगळं कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर चाललंय. नोकरी सुटली की तोही सुटतो. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं आणि ही मुदत पॉलिसी घेतल्यापासून मोजतात. म्हणून पगार चालू आहे तोवर त्यांची स्वतंत्र पॉलिसी घे. नवी गाडी राहू दे. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आणि घरखर्च सहा महिने निघेल एवढी रक्कम आधी बाजूला पडू दे.

घरी अजून काही बोलली नाहीस ना? व्हीआरएसच्या काळात नोकरी गेल्यावरही रोज ठरल्या वेळी डबा घेऊन बाहेर पडणारी माणसं मी पाहिली आहेत. बायकोला कळायचं ते शेजाऱ्याकडून. पैशाचं नुकसान त्यांनी पुढे भरून काढलं, पण घरातला तो दुरावा कित्येकांचा गेला नाही. तुझी आई माझी बहीण आहे, मी तिला ओळखतो; ती घाबरेल आणि तासाभरात हिशोबाची वही काढून बसेल. तिला आजच सांग.

रविवारी ये. आई-बाबांचे जुने रिपोर्ट सोबत आण. विम्याचा फॉर्म भरताना एकही आजार लपवायचा नाही, नाहीतर ऐनवेळी क्लेम नाकारतात. दुपारी बसून भरून टाकू.

तुझा,
मामा