बाथरूम सिंगरचा पहिला धडा

सकाळी साडेसहाला बादली घेऊन आपल्या हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर नंबर लावला की एक गोष्ट कळते. कडी लागली की आतला प्रत्येक जण गायक असतो! आणि बाहेर आला की तोच म्हणतो, "छे रे, मला कुठं गाता येतं?" मीही त्यांतलाच. (शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या नावावर!)

सातवीपर्यंत मी शाळेच्या कॉयरमध्ये पुढच्या रांगेत असायचो. आठवीत आवाज फुटला. ॲन्युअल डेच्या प्रॅक्टिसला मिस म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." सगळे हसले, मीही हसलो. पण त्यानंतर सहा वर्षं मी खरोखरच नुसते ओठ हलवत होतो. घरच्या गणपतीतसुद्धा आरतीला फक्त टाळ्या.

आता कळतं की तेव्हा बिघडलं काहीच नव्हतं. त्या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा थरथरतात, बाईचे २०० च्या आसपास. म्हणजे मला नवीन मशीन मिळालं होतं, आणि मी ते जुन्याच सेटिंगवर चालवत होतो!

हे मला कोणत्याही लेक्चरला कळलं नाही. कळलं ते आमच्या वॉचमन काकांकडून. काका गावाकडे भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मागच्या वर्षी हॉस्टेलच्या गणपतीत मी त्यांना म्हटलं, "काका, मला गळाच नाही."

"गळा नाही तर बोलतोस कशानं?"

त्यांनी मला आरामात "आ" म्हणायला लावलं आणि पेटीवर एकेक पट्टी दाबत गेले. एका ठिकाणी आवाज आणि पेटी एकमेकांत मिसळली. "ही काळी एक. हा तुझा सा. इतके दिवस दुसऱ्याच्या पट्टीत गात होतास, पोरा."

तर धड्यातला पहिला मुद्दा हा : आधी आपला सा शोधा. पुरुषांचा सा बऱ्याचदा काळी एक-काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार-काळी पाचच्या. पण हा काही नियम नव्हे. जिथून खालीही उतरता येतं आणि वरही ओरडावं लागत नाही, तो आपला सा. ओरिजिनल गाण्याची पट्टी गायकाच्या गळ्याची असते. ती आपल्याला जमली नाही तर आपण बेसुरे ठरत नाही.

दुसरा मुद्दा श्वासाचा. खांदे न उचलता, पोट पुढे येईल असा श्वास घ्या आणि तो हळूहळू सोडत "सा" धरा. पहाटे खालच्या सप्तकात असे लांब स्वर लावतात त्याला खर्ज म्हणतात. मोबाइलवर तानपुरा लावून दहा मिनिटं पुरतात. सुरुवातीला माझा सा आठ सेकंदांत मोडायचा. तीन महिन्यांनी वीसपर्यंत गेला. श्वास कमी पडतो म्हणून खचू नका. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारपणात देवासला राहायला गेले. पुढे बरे होऊन ते पुन्हा गायले ते मुख्यतः एकाच फुफ्फुसाच्या जोरावर!

तिसरा मुद्दा : बाथरूमवर फार विश्वास ठेवू नका. फरशा आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. शिवाय आमच्या बाथरूमची रुंदी दीड मीटर. ध्वनीचा वेग ३४० धरून त्याला रुंदीच्या दुपटीने भागा, ११३ हर्ट्झ येतात. खर्जात उतरताना त्या स्वराशी आलं की भिंतीच गायला लागतात! म्हणून आठवड्यातून एकदा आवाज रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा शरम वाटेल. कारण एरवी आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि त्यामुळे जास्त भरदार वाटतो. जगाला आपला आवाज रेकॉर्डिंगमधल्यासारखाच ऐकू येतो, आणि तोच सुधारायचा आहे.

शेवटचं म्हणजे गळ्याची काळजी. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंवरून नाही. म्हणून गायच्या आधी घोटभर पिऊन भागत नाही, दिवसभर प्यावं लागतं. मॅचला ओरडून आवाज बसला तर कुजबुजूही नका, गप्प बसा. तीन आठवडे बसलेलाच राहिला तर डॉक्टर गाठा.

यातून मी काही गवई होणार नाही. पण सबमिशनच्या रात्री दहा मिनिटं सा लावला की डोकं जाग्यावर येतं, हे नक्की.

यंदा हॉस्टेलच्या आरतीला काकांनी पेटी उघडली आणि माझ्याकडे बघून काळी एक दाबली. मी गायलो. दुसऱ्या कडव्यात बेसूर झालो, पण तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. शेजारी फर्स्ट इयरचा एक मुलगा उभा होता. तो नुसत्या टाळ्या वाजवत होता. आरती झाल्यावर त्याला घेऊन मी काकांकडे गेलो.

तुमच्याही शेजारी असा कोणी असेल तर त्याला "ओठ हलव" म्हणू नका. त्याचा सा शोधून द्या!