गुलामगिरीच्या इतिहासातील काही इंग्रजी शब्द

गुलामगिरीविषयीचे इंग्रजी उतारे वाचताना शिक्षकांस अडचण येते ती शब्द लांबलचक असल्यामुळे नव्हे, तर अनेक शब्दांस एकच मराठी प्रतिशब्द देण्याच्या सवयीमुळे. ‘मॅन्युमिशन’, ‘इमॅन्सिपेशन’ आणि ‘अबॉलिशन’ या तिन्हींपुढे ‘मुक्ती’ असे लिहिले की इतिहासच चुकीचा वाचला जातो.

एका धन्याने आपल्या गुलामास मोकळे करणे म्हणजे ‘मॅन्युमिशन’. फ्रेडरिक डग्लस १८३८ साली मेरीलँडमधून पळाले, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते ‘फ्युजिटिव्ह’, म्हणजे फरारी, ठरले. १८४६ साली इंग्लंडमधील स्नेह्यांनी धन्यास पैसे देऊन त्यांची सुटका करविली, ती मॅन्युमिशन होय. प्रथा मात्र होती तेथेच राहिली.

‘इमॅन्सिपेशन’ म्हणजे एखाद्या समूहाची बंधनातून सुटका. लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा या नावाने प्रसिद्ध आहे. पण तो बंडखोर प्रदेशांपुरता होता, केंटकीतील गुलामांस लागू नव्हता. संपूर्ण देशातील प्रथा रद्द झाली ती डिसेंबर १८६५ मधील तेराव्या घटनादुरुस्तीने. तिलाच ‘अबॉलिशन’ म्हणावे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी त्यांनी ‘इमॅन्सिपेशन’ हाच शब्द योजिला आहे, हे मराठी शिक्षकाने अवश्य ध्यानात ठेवावे.

‘अबॉलिशन’ आढळताच काय रद्द झाले, हे पाहावे. ब्रिटनने १८०७ साली ‘स्लेव्ह ट्रेड’, म्हणजे गुलामांचा व्यापार, बंद केला. वसाहतींतील ‘स्लेव्हरी’ रद्द करणारा कायदा १८३३ चा. त्यातूनही ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. येथील कायदा १८४३ साली झाला.

खरी फसगत होते ती सोप्या शब्दांत. ‘अप्रेंटिस’ म्हटले की आपणांस कारखान्यातील उमेदवार आठवतो. १८३४ नंतर वेस्ट इंडीजमध्ये मात्र या नावाखाली ‘मुक्त’ माणसांकडून जुन्या धन्याच्याच शेतात आठवड्यास ४५ तासांपर्यंत बिनमजुरीचे काम घेतले जाई. हा प्रकार १८३८ साली संपला. ‘कॉम्पेन्सेशन’चेही तसेच. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने दोन कोटी पौंड मंजूर केले, ते गुलामांच्या मालकांस. राबलेल्यांस एक पेनीही नाही. हा शब्द येताच, भरपाई कोणास मिळाली, हे मुलांनाच उताऱ्यातून शोधावयास लावावे.