फाइल छोटी, तरी पान उघडायला उशीर का?

प्रश्न : आमच्या घरगुती निवासाच्या वेबसाइटची पहिल्या पानाची फाइल जेमतेम 30 केबीची आहे. तरी पाहुणे म्हणतात, पान लवकर उघडत नाही. होस्टिंग बदलू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : घाई करू नका. तुम्ही मोजलीत ती फक्त एचटीएमएल फाइल. पाहुण्याच्या मोबाइलवर तिच्यामागोमाग फोटो, फॉन्ट, स्क्रिप्ट असा सगळा लवाजमा उतरतो. संगणकावर क्रोममध्ये पान उघडून एफ-12 दाबा, ‘नेटवर्क’मध्ये ‘डिसेबल कॅश’वर खूण करा आणि पान रिफ्रेश करा. तळाशी ‘ट्रान्सफर्ड’लगतचा आकडा, तेच खरं वजन. ते 6 एमबी निघालं, तर 2 एमबीपीएसच्या कनेक्शनवर किमान 24 सेकंद जातात. तेवढं कोण थांबेल?

बहुतेकदा कारण फोटोच असतात. 4000 पिक्सेल रुंदीचा फोटो पानावर बोटभर दिसला, तरी उतरतो पूर्ण. तो 1200 पिक्सेलवर आणून वेबपीमध्ये सेव्ह करा. मूळ प्रत मात्र जपून ठेवा. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा. सगळ्यात वरच्याला नको, तो उलट उशिरा दिसेल. एवढं करूनही ‘नेटवर्क’मधल्या पहिल्याच ओळीला सेकंदाहून जास्त वेळ लागत असेल, तर होस्टिंगवाल्याशी जरूर बोला.